पिंपाच्या फळ्यांचा वास

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
२ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंना मोनिकाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि बापू फोनला हात लावत नाहीत, म्हणून पुन्हा कागद-पेन. सार्थक मला हसतो. म्हणतो, तुझं सोयगाव काय चंद्रावर आहे का? बायकोच्या माहेरची थट्टा करायला नवऱ्याला निमित्तच लागतं. त्याला काय माहीत, तुमच्या कानात ओरडायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला घरातलं सांगणं!

कामाचं लिहिते. हे पत्र पोचेपर्यंत शौकतचाचांचा टेम्पो तुमच्या दारात येऊन गेला असेल. आमच्या फर्निचरच्या दुकानामागं त्यांचं जुन्या लाकडाचं गोडाऊन आहे. टेम्पोतल्या फळ्या बापूंसाठी आहेत. अजिंठा रोडवर एक नवं रिसॉर्ट होतंय, त्यांनी आमच्याकडं खुर्च्या सांगितल्यात. फळ्या सगळ्या बाकदार. इथल्या सुतारांनी दोन मोडल्या आणि हात वर केले. मग मला बापू आठवले. ज्यांनी जन्मभर बैलगाडीची चाकं केली, त्यांना बाक काय सांगायचा? तुम्हीच लिहिलं होतंत ना, सकाळपासून ओट्यावर बसून नुसता रस्ता बघत असतो म्हणून. हाताला काम लागेल. नमुन्याची खुर्ची सोबत पाठवलीय.

लाकूड परदेशी आहे. ओक म्हणतात. सागाच्या वरताण. आतल्या अंगानं काळं-जांभळं दिसेल. तिकडं तसंच करतात, कीड लागू नये म्हणून. रंधा मारला की जातं. थोडा वास येईल, मनावर घेऊ नका.

बापूंना नमस्कार. गळ्याला मफलर बांधत जा म्हणावं.

तुमची,
मोनिका


सोयगाव
११ डिसेंबर

चि. मोनिकास आत्याचा आशीर्वाद.

अगं बाई, माझे कान गेलेत, नाक नाय! ‘थोडा वास येईल’ म्हणं! मागची खोली अशी दरवळतीये की काय सांगू. मनुका भिजत घातल्यावर येतो ना, तसा आंबट-गोड. छिलपे मी बंबात घालते. पाणी तापतं, वर घरभर वास. रूपा शेजारून विचारायला आली, आत्या, काय रांधलंय? म्हटलं, लाकूड रांधलंय, जेवून जा.

तुझ्या बापाचं सांगते. पहिली फळी हातात घेतली, आतल्या अंगावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि लई वेळ तसाच बसला. म्हटलं, काय रे सांडू, कोणी आठवलं का? तर बोट सदऱ्याला पुसलं. मग उठला, माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली, पटाशीला धार लावली. तिथपासून नुसता कामात. फळीवर उकळतं पाणी ओततो, ओली पोती गुंडाळतो, वाफ आत राहावी म्हणून दार लावून घेतो. चाकं करायचा तेव्हा असाच करायचा. दुपारी जेवायला दोनदा हाका माराव्या लागतात. पोरी, लई दिवसांनी मला भावाला हाका माराव्या लागतायत, याचंच बरं वाटतं.

तुझी आई गेली, त्यानं दारू धरली, तू हॉस्टेलला गेलीस, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. वॉर्डातल्या बायका गोळा केल्या, दारूबंदीचं मतदान लावलं, आडव्या बाटलीवर शिक्के मारले आणि दुकान बंद पाडलं, ते काय गावासाठी? लोक म्हणतात गावासाठी. मी भावासाठी केलं. मग सप्त्यात महाराजांनी त्याला माळ घातली, तिला आता सात वर्षं होतील. एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा तो मला माणसात आलेला दिसतोय. तुझं भलं होवो.

दिवाळीनंतर तोंड दाखवलं नाहीस. फळ्यांबरोबर तूही टेम्पोत बसून यायचंस.

आत्या


औरंगपुरा
१६ डिसेंबर
(हे पत्र मी लिहिलं, पण पेटीत टाकलं नाही. — मो.)

आत्याबाई,

तुमचं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. तुम्ही मला ‘तुझं भलं होवो’ म्हणालात.

ते लाकूड दारूच्या पिंपांचं आहे. नाशिककडं द्राक्षाची वाइन करतात, ती ह्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. काही वर्षांनी लाकडातला कस संपतो, वाइनला चव येईनाशी होते. मग पिंपं काढून टाकतात. शौकतचाचा ती विकत आणतात, कड्या ठोकून काढतात आणि आम्ही त्यांच्या खुर्च्या, टेबलं करतो. रिसॉर्टवाल्यांना तेच हवंय. ‘वाइनच्या पिंपाची खुर्ची’ म्हटलं की गिऱ्हाईक तिच्यावर बसायच्या आधी तिचा फोटो काढतं.

चाचांना विचारलं, तुमच्या घरी चालतं का हो हे? तर म्हणाले, “बेटा, मैं भी तेरी शहजादी चाची को ‘परदेसी लकडी है’ इत्ताच बोला. चार दफे हाथ धोके घर में जाता.” दोघं हसलो. त्यांना हसू येत होतं. मला आलेलं हसू खोटं होतं.

मला वाटलं होतं, टाकून दिलेली पिंपं पुन्हा कामाला येतायत, बापूही येतील. हे खरंच वाटलं होतं आत्या. पण सांगितलं असतं तर तुम्ही टेम्पो दारातूनच परत लावून दिला असतात. आणि बापूंना ते हातात द्यायचं की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. विचारला असता तर उत्तर माहीत होतं.


औरंगपुरा
१६ डिसेंबर

ती. आत्याबाईंना सा. नमस्कार.

पत्र मिळालं. बापूंचं वाचून खूप आनंद झाला. वास त्या लाकडाच्या रंगाचा आहे, हळूहळू कमी होईल. छिलपे शक्यतो बंबात घालू नका, धुराचा त्रास होतो. खिडकी उघडी ठेवायला सांगा.

खुर्च्या संक्रांतीच्या आठवड्यात लागतील. रिसॉर्टचं उद्घाटन आहे. ते झालं की नक्की येते.

मोनिका


सोयगाव
३० डिसेंबर

चि. मोनिकास आशीर्वाद.

खुर्च्या होतायत. एक मी बसून पाहिली. माझ्यासारख्या भारदस्त बाईखाली हूं का चूं केलं नाय तिनं.

पण सांडूचं काहीतरी बिनसलंय. पहिल्या आठवड्यातला हुरूप गेला. जेवताना ताटाकडं बघत बसतो. मधेच उठून हात धुतो, परत येतो, परत धुतो. परवा भर थंडीत आडावर जाऊन अंगावर बादल्या ओतल्या. विचारलं तर म्हणतो, भुसा लागतोय अंगाला. डोळे लाल. म्हटलं, जमत नसंल तर ठेव काम, मोनीला कळवते. तर लगेच म्हणाला, “नको आक्का. तिनं भरवशानं पाठवलंय.”

खिडकीचं सांगितलं मी. खिडकी उघडली तर रूपाच्या सासूनं नाकाला पदर लावला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाय, पण ओठ दिसले. बंद केली परत.

तूच काय ते विचार त्याला. तुझं ऐकतो तो.

आत्या


औरंगपुरा
४ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना सा. नमस्कार.

बापूंना थंडी बाधली असेल. वयही झालं. गरम पाण्यानं अंघोळ करायला लावा, हळदीचं दूध द्या.

थोड्याच खुर्च्या राहिल्यात. एवढ्या होऊ देत, मग पुढचं काम मी देणार नाही. शौकतचाचांचा टेम्पो अठरा तारखेला, शनिवारी येईल. बापूंना म्हणावं, मोनीनं सांगितलंय, घाई करू नका, पण शनिवार चुकवू नका.

इथं गिऱ्हाइकांची फार गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

मोनिका


सोयगाव
१२ जानेवारी

मोनिका,

आशीर्वाद वगैरे नंतर. तुझा बाप परत प्यायला लागलाय.

काल आमच्या दारूबंदीच्या महिला मंडळाची बैठक माझ्या घरी होती. बायका ओसरीवर बसल्या. मागून वास यायला लागला. तो रंगाचा नाय, मनुकांचा नाय, मला आता कोणी शिकवू नये. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. रूपा माझ्याकडं बघंना. जिनं गावभर आडव्या बाटलीसाठी पायपीट केली, तिच्या घरात हा वास! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

उठले आणि मागचं दार ढकललं. आत वाफ, दिवा लावलेला, हा घामानं निथळलेला, डोळे तारवटलेले. सदऱ्याला नाक लावून वास घेतला मी. विचारलं, प्यायलास? त्यानं एकदा फळ्यांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. नाय म्हणाला नाय. अगं, नुसतं ‘नाय’ म्हणाला असता तरी मी खोटं का होईना मानलं असतं!

सगळ्या बायकांच्या देखत म्हटलं, गळ्यातली माळ काढ. पिणाऱ्याच्या गळ्यात ती नको. त्यानं हात धुतले. माळ डोक्यावरून काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हटलं, आता काम पण बंद. त्यावर एवढंच बोलला, “पोरीचं काम हाय, शनिवारी द्यायचंय.” रात्रीपासून गोठ्यात झोपतो. मी बोलावलं नाय.

तू ये. माझ्याच्यानं आता होत नाय गं.

आत्या


औरंगपुरा
१९ जानेवारी

ती. आत्याबाई,

नमस्कार करायची माझी लायकी नाही.

बापू प्यायले नाहीत. तो वास फळ्यांचा आहे. मी पाठवलेल्या फळ्या वाइनच्या, म्हणजे दारूच्या पिंपांच्या आहेत. बापू त्यावर उकळतं पाणी ओततात, तेव्हा लाकडात मुरलेलं सगळं वाफेबरोबर बाहेर येतं. कपड्यांना लागतं, केसांना लागतं. तुम्ही महिनाभर बंबात तेच जाळलंत. सोबत एक जुनं पत्र घालते, सोळा डिसेंबरचं. ते वाचा म्हणजे कळेल की मला तेव्हाच सगळं कळलं होतं, आणि तरीही मी तुम्हाला रंगाचा वास म्हणून लिहिलं.

पण माझा खरा गुन्हा पुढचा आहे. तुमचं बाराचं पत्र मला बुधवारी मिळालं. आज रविवार आहे. बुधवारी मी रूपावहिनींना फोन केला असता तर त्यांनी दोन मिनिटांत भिंतीपलीकडं जाऊन तुम्हाला सांगितलं असतं. फोन हातात घेतलाही. मनात आलं, आत्या आत्ताच्या आत्ता उरलेल्या फळ्या रस्त्यावर फेकतील, शनिवारी टेम्पो रिकामा येईल, रिसॉर्टवाल्यांना काय तोंड दाखवू. म्हटलं, शनिवार होऊ दे. मग म्हटलं, पत्रच लिहू. आत्या, मी पत्र निवडलं कारण पत्राला दिवस लागतात.

काल खुर्च्या आल्या. सुंदर झाल्यात. एकाही सांध्यात नख शिरत नाही. सार्थक म्हणाला, बापूंना फोटो पाठव. मी आत जाऊन रडले. माझ्या बापाच्या गळ्यातली माळ चार बायकांच्या देखत उतरली आणि मी खुर्च्या मोजत होते.

बापूंची माळ त्यांना परत द्या. मंडळातल्या बायकांना माझं नाव घेऊन सांगा. काय शिव्या द्यायच्या त्या द्या. हे पत्र सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडं देतेय, म्हणजे उद्याच मिळेल.

मोनिका


सोयगाव
२४ जानेवारी

मोनिका,

पत्र मिळालं तेव्हा तू समोर असतीस तर तुझ्या थोबाडीत दिली असती. मग स्वतःच्या दोन दिल्या असत्या. सात वर्षं ज्याच्याकडं बोट दाखवायला जागा नव्हती, त्या भावाला मी वासावरनं चोर ठरवलं.

त्याच पावली गोठ्यात गेले. म्हटलं, सांडू, तुला माहीत होतं का रे ह्या फळ्या कशाच्या ते? म्हणाला, पहिल्या दिवशीच कळलं. मग बोलला का नाहीस मुडद्या? तर म्हणतो, “बोललो आसतो तर तू पोरीला घराचं दार बंद केलं आसतं.” अगं, केलंच असतं! त्यानं मला बरोबर ओळखलं, मी त्याला ओळखलं नाय.

मंडळाच्या सगळ्या बायकांना बोलावलं. ओसरीवर उभी राहून सांगितलं, माझा भाऊ धुतल्या तांदळासारखा आहे, चूक माझी. रूपा रडली. तिची सासू त्याच्या पाया पडायला वाकली, तर हा उठून मागच्या दारानं निघून गेला.

आता एकच अडलंय. माळ घेऊन मी तीनदा त्याच्यापुढं गेले. घालून घेत नाय. मान खाली घालतो आणि म्हणतो, राहू दे आक्का. लई रुसलाय. रुसणारच. त्या आठवड्यात पोस्टमनची सायकल दिसली की उठून दारात जायचा, मला वाटायचं, कोणाच्या पत्राची वाट बघतोय हा? आता कळलं, तुझ्या. तूच लिही त्याला. तुझ्या शब्दानं घालील माळ.

आत्या


सोयगाव
२७ जानेवारी

मोनी,

बापूचा आशीर्वाद.

आक्काला वाटतं मी रुसलोय. वाटू दे. तुला खरं लिवतो.

पहिली फळी हातात घेतली तवाच वळखली. आपली देशी नव्हं, पण तिच्याच घरची. वाटलं, पोरीला ठावं नसंल का? मग वाटलं, ठावं आसणारच, शिकलेली हाय. मग मनात आलं, ठावं आसून पाठवलंय, म्हंजी बाप आता ह्या वासापाशी बसू शकतो, येवढा इस्वास हाय तिला. लई बरं वाटलं. त्याच जोरावर महिनाभर रंधा मारला. वाफ सुटली की तोंडाला पाणी सुटायचं. हात धुवायचो, अंगावर गार पाणी घ्यायचो, परत बसायचो. तुझी दोन्ही पत्रं, जुनं आन् नवं, आक्कानं मला वाचून दावली. तवा कळलं, तसं काय नव्हतं. आसू दे.

आक्कानं माळ काढाय लावली, तवा बोललो नाय. तुझं नाव आलं आसतं. वाटलं, मोनीला कळलं की ती लिवंल. रोज पोस्टमनची वाट बघितली. संक्रांत झाली. बुधवार गेला, गुरुवार गेला. माझ्या गळ्यात माळ नव्हती, घरात कुणाचा इस्वास नव्हता, आन् म्होरं दिवसभर तो वास. शुक्रवारी सकाळी उठलो आन् बाजूच्या गावाला चालत गेलो. तिथं दुकान हाय.

प्यालो, मोनी. एक क्वार्टर. सांजंला गोठ्यात येऊन पडलो. आक्काला तो वास न्यारा कळला नाय. आता ती समद्यांना सांगत फिरती की त्यो फळ्यांचा वास व्हता. मी मान हलवतो. म्हणून माळ घालत नाय. ती तिच्या जागी खरं बोलली व्हती, फकस्त सहा दिस आधी बोलली.

शनिवारी हात कापत व्हता. शेवटच्या खुर्चीच्या मागच्या पायाला पटाशी निसटलीय. बघ, सापडंल. ती खुर्ची त्या हाटेलवाल्याला देऊ नको.

तू लिवलंस, मी गुन्हेगार. तुझ्या चुकीचं तू बघ, माझ्या चुकीचं मी बघतो. प्यालो मी, तू पाजली नाहीस. पण बुधवारी तू फोन केला आसतास तर मी गेलो नसतो. हे पण खरं हाय. तुला बरं वाटावं म्हणून खोटं कशाला लिवू? खोट्यानंच येवढं झालं.

तवापासून घेतली नाय. आक्काला मीच सांगीन, तू सांगू नको. धीर येऊ दे. माळंचं त्याच्यानंतर बघू.

फळ्या पाठवणं बंद करू नको. हाताला काम पायजे. पण आता टेम्पोतनं एकट्या फळ्या लावून देऊ नको. तू संगं ये. मी रंधा मारीन, तू म्होरं बस. वास सुटला की तुला सांगत जाईन.

बापू